माझ्या गिटारचा आवाज कुठं जात होता

पहिल्यांदा आवाज गेला तो विट्याच्या पलीकडच्या एका गावात, जत्रेच्या कार्यक्रमात. त्या गावातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानांसाठी देशभर पांगलेली. जत्रेला मात्र सगळे परत येतात, आणि ऑर्केस्ट्रा त्यांनाच पाहिजे असतो. समोर माणूसच माणूस. एका जुन्या गाण्याच्या मधोमध गिटारचा मोठा पीस होता. गायक थांबतो आणि नुसतं वाद्य वाजतं, त्या तुकड्याला आमच्यात पीस म्हणतात. मी दोन पावलं पुढं आले, दिवे निळे झाले, मालकांनी रिमोटवरनं धूर सोडला, मी वाजवायला लागले, आणि दुसरी ओळ संपायच्या आत गिटार मुकी झाली.

मी तारा छेडत होते आणि बाहेर काहीच येत नव्हतं. पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "बाई, बटण चालू करा!" सगळे हसले. खाली पाहिलं तर पायापाशी ठेवलेला प्रोसेसर बंद पडून पुन्हा चालू होत होता. हा प्रोसेसर म्हणजे पाटीएवढा एक डबा. गिटारची वायर त्यात जाते, आणि आत आवाजाला पाहिजे तसा रंग चढवून तो पुढं, सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरकडं पाठवतो. आतमध्ये छोटा कॉम्प्युटरच असतो म्हणा ना. एकदा बंद पडला की जागा व्हायला वेळ घेतो. तो जागा होईपर्यंत माझा पीस संपला होता आणि मालकांनी कीबोर्डवर तो कसाबसा भरून काढला होता.

मालक म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. कीबोर्ड वाजवायचे, निवेदनही स्वतःच करायचे. मी विट्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते, म्हणून मला 'म्याडम' म्हणायचे. त्या एका शब्दात मान किती आणि टिंगल किती, हे मला तीन वर्षांत नीट कळलं नाही. गाणाऱ्या दोघी बायका होत्या, पण वाजवणारी बाई मी एकटीच.

"पाय लागला आसंल पिनला," गाणं संपल्यावर ते माझ्याकडं न बघताच म्हणाले.

"पाय लागला नाही. विजेची पिन मागच्या बाजूला आहे, माझा पाय पुढं होता."

"आवं म्याडम, गर्दी बघून व्हतंय आसं. नवीन मानसाला तर व्हतंयच."

तीन वर्षं वाजवत होते मी. नवीन माणूस!

घरी येऊन मी प्रोसेसर तासन्‌तास वाजवला. काही झालं नाही. ऑर्केस्ट्राचा सराव एका गोडाऊनमध्ये चालायचा, तिथंही काही नाही. पुढच्या कार्यक्रमात, एका मंडळाच्या स्टेजवर, पुन्हा तेच. आणि पुन्हा माझ्याच पीसमध्ये. गाण्याच्या मागं कॉर्ड वाजवताना कधी नाही, सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले की नेमका तेव्हाच. त्यामुळं झालं काय, की सगळ्यांना उत्तर मिळालं. मशीनला काही झालेलं नाही, बाईला झालंय. बाई घाबरते.

एखादी वस्तू सरळ मोडली तर बरं असतं. मोडलेली वस्तू दाखवता येते. पण जी वस्तू चारचौघांत मोडते आणि घरी आणली की शहाण्यासारखी चालते, तिच्यापायी माणूस खोटा पडतो. मी गणित शिकवते. फळ्यावर पायरी चुकली तर कुठं चुकली ते बोट ठेवून सांगता येतं. इथं बोट ठेवायलाच जागा नव्हती, आणि त्याचा मला असा संताप यायचा की वर्गात पोरांवर विनाकारण ओरडायचे.

मग मी एकेक गोष्ट बदलायला घेतली. एका वेळी एकच, म्हणजे कशामुळं फरक पडला ते कळेल. आधी गिटारची वायर बदलली. मग अडॅप्टर नवीन आणला. मग पिन चिकटपट्टीनं डब्याला अशी बांधली की पाय काय, बैल लागला तरी निघू नये. मालकांनी ती चिकटपट्टी बघितली आणि ड्रम वाजवणाऱ्याला म्हणाले, "म्याडमनी मशीनला प्लास्टर केलंय." आमचा ड्रमर तसा भला माणूस, मला ताई म्हणायचा. तोही हसला. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नगा. त्येंचं बोलनंच तसलं हाय." मला ते हसण्यापेक्षाही लागलं. मनावर घेऊ नका, असं सांगायला सगळे येतात. मालकांना जाऊन कोणी सांगत नाही की असं बोलू नका.

त्या कार्यक्रमातही आवाज गेला. चिकटपट्टी जागच्या जागी होती. मी पीस संपल्यावर मालकांना हाताला धरून दाखवली. ते म्हणाले, "मग आतनं काय तरी ढिलं आसंल. दावा कुनाला तरी."

म्हणून नवऱ्याला घेऊन सांगलीला गेले. तिथं वाद्यांची इलेक्ट्रॉनिक मशीनं दुरुस्त करणारा एकजण होता, कुणीतरी नाव सुचवलं होतं. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कधी होतं, कुठं होतं, काय काय बदलून बघितलं. तो ऐकत होता आणि बघत होता माझ्या नवऱ्याकडं. माझं बोलणं संपल्यावर त्यानं नवऱ्याला विचारलं, "साहेब, किती वर्षं वापरताय हे?"

माझा नवरा कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याला गिटारची तार आणि वीणेची तार यातला फरक कळत नाही. तो म्हणाला, "माझं नाही, तिचं आहे." तरी पुढचा प्रश्न त्यालाच.

संध्याकाळी घ्यायला गेलो. दुरुस्तीवाल्यानं डबा काउंटरवर ठेवला आणि खुशीत सांगितलं, "दिवसभर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. तरी मी रिसेट मारून टाकलाय. आता कंपनीतनं आल्यागत झालाय एकदम."

मला आधी कळलंच नाही. मी चालू केला. माझे सगळे आवाज गेले होते. प्रत्येक गाण्यासाठी मी वेगळा आवाज बांधला होता. रविवारच्या रविवार, हेडफोन लावून, एकेक आकडा थोडा वर, थोडा खाली करत. एका लावणीसाठी तुणतुण्याच्या जवळ जाणारा आवाज केला होता, त्यालाच कितीतरी आठवडे लागले होते. डब्यात आता कंपनीनं दिलेले आवाज होते, इंग्रजी नावांचे, चकचकीत आणि परके.

"तुम्ही मला न विचारता पुसलं?"

"मॅडम, रिसेटनं निम्मे प्रॉब्लेम जातात."

"गेला का माझा?"

"ते आता वाजवून बघा."

"आणि मी केलेले आवाज?"

"ते काय, परत करता येतात की," तो म्हणाला, आणि पुन्हा नवऱ्याकडं बघून हसला, की बघा, किती चिडतात.

मी दुकानात मोठ्यानं बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. नवरा मला दंडाला धरून गाडीकडं घेऊन गेला. गाडीत म्हणाला, "घरच्या कॉम्प्युटरवर काही असतील ना?" होते, पण जुने. दिवाळीच्या आधीचे. लावणीचा आवाज त्यात नव्हता. तासगाव मागं पडलं. मग तो सहज म्हणाला, "एवढा त्रास होतोय तर सोडून दे की काही दिवस."

तो प्रेमानं बोलला, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्याच्यावर दुरुस्तीवाल्याहून जास्त ओरडले. कारण सगळ्यांचं म्हणणं शेवटी तिथंच येत होतं. मशीन चालतंय, तूच थांब.

पुढचा कार्यक्रम कडेगावला, मोकळ्या पटांगणात. कंपनीतून आल्यागत झालेला डबा माझ्या पीसमध्ये बंद पडला. मालकांनी या वेळी माइकवरून सांगितलं, "आमच्या म्याडमच्या मशीनला जरा थंडी वाजलीया!" टाळ्या आणि शिट्ट्या. मी स्टेजवर उभी होते, गळ्यात गिटार. दात इतके आवळले होते की दुसऱ्या दिवशी जबडा दुखत होता.

त्यानंतर साताऱ्याला एका बंदिस्त सभागृहात सलग दोन दिवस कार्यक्रम होते. दोन्ही दिवस काही झालं नाही. एकदाही नाही. मालक खूश. "बघा, घाबारला न्हाईसा तर कसं झ्याक वाजतंय!"

मी मात्र विचार करत होते. बाई तीच, गिटार तीच, डबा तोच, पीसही तेच. मग साताऱ्यात काय वेगळं होतं? सभागृहातली वीज पक्की होती, जाड वायरिंगची. बाहेरच्या कार्यक्रमांना एक तर जनरेटर असतो, नाहीतर कुठल्यातरी खांबावरून ओढलेली लांबलचक वायर. पण नुसत्या कच्च्या विजेमुळं होत असेल तर डबा कधीही बंद पडायला हवा. माझ्या पीसमध्येच का? विजेला काय माहीत माझा पीस कधी येतो?

या प्रश्नाशी मी अडकून पडले. स्वयंपाक करताना तोच, पेपर तपासताना तोच.

कवठे महांकाळच्या भागात एका गावी कार्यक्रम होता तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर मागून घेतला. विजेचा दाब दाखवणारं साधं यंत्र. आम्ही दुपारीच पोचलो. ऊन मी म्हणत होतं. स्टेज बांधून झालं होतं, जनरेटर लांब एका बाभळीखाली घरघरत होता. माझी जागा नेहमीसारखी डाव्या कोपऱ्यात. तिथल्या लाकडी बोर्डात माझा अडॅप्टर लावला आणि शेजारच्या सॉकेटात मल्टीमीटरच्या दोन्ही पिना. दाब ठीक होता. आम्ही आवाज तपासायला दोन गाणी वाजवली, त्यात माझा पीसही वाजवला. काही झालं नाही. आकडा हलला नाही.

"आता कसं म्हंता?" मालक लांबूनच म्हणाले.

मी त्या बोर्डाकडं बघत बसले. त्यात माझी पिन होती, आणि दुसरी एक जाड काळी वायर होती. ती वायर हातानं धरून मागं मागं गेले. ती धुराच्या मशीनला जात होती. मशीन स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्यामागं. मालकांनी ते हौसेनं आणलं होतं. गिटारचा पीस आला की धूर सोडायचा, हा त्यांचा ठरलेला थाट. साताऱ्याच्या सभागृहात धूर सोडायला बंदी होती.

धुराचं मशीन म्हणजे आतमध्ये एक हीटर. बाटलीतलं द्रव त्या तापलेल्या हीटरवर गेलं की धूर होतो. धूर सोडला की हीटर थंडावतो, आणि मशीन आपोआप त्याला पुन्हा तापवायला घेतं. तेव्हा ते पाण्याच्या गिझरसारखं वीज ओढतं. म्हणजे धूर निघाल्यावर थोड्या वेळानं. म्हणजे माझ्या पीसच्या मधोमध.

मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. कोडं सुटल्याचा आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. मला नुसता राग आला होता.

"मालक, जरा धूर सोडा."

"आत्ता? उजेडात? काय कारन?"

"सोडा तुम्ही."

"उगं पानी वाया जातंय त्यातलं. राच्च्याला सोडू की."

रिमोट त्यांच्या कीबोर्डवर पडला होता. मी गेले, उचलला आणि बटण दाबलं. भर दुपारी स्टेजवर पांढरा धूर पसरला. मंडपवाले बघायला लागले. ड्रमरला म्हटलं, "या इकडं, या आकड्यावर नजर ठेवा." तो येऊन उकिडवा बसला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मालक काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात पडद्यामागं 'टक्‌' झालं. आकडा धाडकन खाली आला, मंडपातला पिवळा बल्ब मलूल झाला आणि माझा प्रोसेसर बंद पडला. माझे दोन्ही हात कमरेवर होते. पाय डब्यापासून चांगले चार हात लांब होते.

"आयला," ड्रमर म्हणाला. "ताई, ह्यो तर धूर खातोय लाइट."

मी मालकांकडं बघितलं. तीन महिने हा माणूस मला घाबरट म्हणत होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. चुकलं म्हणू नये एखाद्यानं, पण 'आसं व्हय' एवढं तरी म्हणावं.

ते म्हणाले, "मग तुमचं मशीनच लय नाजूक हाय की. माझा कीबोर्ड न्हाई बंद पडत तो?"

"तुमच्या कीबोर्डला मिक्सरच्या स्टॅबिलायझरवरून लाइन आहे. मला तुम्ही धुराच्या मशीनच्या बोर्डात बसवलंय."

"तिथं जागा न्हाई आता."

"मग जागा करा. नाहीतर मी वाजवत नाही."

मी त्याआधी त्यांना असं कधी बोलले नव्हते. खरं तर कुणालाच बोलले नव्हते. शेवटी ड्रमरनंच मिक्सरपासून एक वायर ओढून माझ्या कोपऱ्यापर्यंत आणली. मालक पाठ फिरवून फोनवर बोलत राहिले.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. माझा पीस आला. दिवे निळे झाले, धूर निघाला. वाजवता वाजवता मला बल्ब मंद झालेला दिसला, आणि गिटार वाजतच राहिली. पीस शेवटपर्यंत वाजला, मोकळ्या हवेत किती दिवसांनी. लोकांनी टाळ्या दिल्या. बसलेली माणसं उठून उभी राहिली. क्षणभर मला वाटलं, राहू दे आता, झालं गेलं.

तेवढ्यात मालकांनी माइक घेतला.

"आज आमच्या म्याडमनी अजिबात न घाबारता वाजीवलंय! त्येंच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या!"

गायिकेचा माइक माझ्या शेजारी स्टँडवर होता. मी तो ओढला. मी स्टेजवर कधी बोलत नाही, माझा आवाज माइकवर कसा येतो तेही मला माहीत नव्हतं.

"मी आधीही घाबरत नव्हते," मी म्हणाले. "माझी लाइट जात होती. मालकांच्या धुराच्या मशीननं जात होती. आज दुपारी मी ते शोधून काढलं. टाळ्या द्यायच्या तर त्यासाठी द्या."

मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि टाळ्या तिथून सुरू झाल्या. पुरुषांच्या बाजूला उशिरा पोचल्या. मालकांनी घाईघाईनं पुढचं गाणं जाहीर केलं, आणि त्यात गाण्याचं नावच चुकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. चारचौघांत इज्जत घालवली म्हणाले. असं बोलायचं होतं तर खासगीत बोलायचं.

"तुम्ही मला खासगीत बोलत होता का?"

"ती चेष्टा व्हती, म्याडम."

"मग हीपण चेष्टाच समजा."

"तुमी माफी मागा, इषय मिटंल. न्हाईतर आमाला दुसरा मानूस बघाय लागंल."

मी माफी मागितली नाही. त्यांनी दुसरा माणूस बघितला. साताऱ्याकडचा एक गिटारवाला, चांगला वाजवणारा. एवढं सगळं होऊन मीच बाहेर आणि धुराचं मशीन आत, हे मला गिळवत नव्हतं. शाळेतल्या एका मैत्रिणीनं समजावलं, की जाऊ दे, तुझं खरं ठरलं ना. खरं ठरून स्टेज गेलं होतं माझं. त्या खरेपणाचं काय करायचं होतं मी?

गेल्या महिन्यात त्या नव्या गिटारवाल्याचा मला फोन आला. ड्रमरकडून नंबर घेतला म्हणाला. बोलायला अदबशीर होता. "ताई, ती लावणी वाजवतो तवा लोक म्हणतात, आधीच्या बाईंचा आवाज वेगळा होता. तुणतुण्यावानी. तो कसा केला होता, सांगता का?"

मी तो आवाज पुन्हा बांधला होता, पहिल्याइतका नाही पण जवळपास. मी त्याला सांगितलं, कुठलं बटण कुठं ठेवायचं. तो लिहून घेत होता. मग सहज विचारलं, "तुमचा प्रोसेसर बंद पडतो का हो स्टेजवर?"

"पहिल्याच कार्यक्रमात पडला होता एकदा," तो म्हणाला. "मी मालकांना नुसतं म्हटलं, की बंद पडला. ते लगेच म्हणाले, 'धुराच्या मशीनमुळं होतंय ते. तुला मिक्सरवरनं लाइन देतो.' दोन मिनिटांत दिली. मालकांना मशीनमधलं लय कळतंय, ताई."

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

"ते त्यांना कुणी सांगितलं, माहिती आहे का?" मी विचारलं.

"न्हाई."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या जत्रेपासून, चिकटपट्टी, सांगलीतला रिसेट, मल्टीमीटर, माइक. शेवटी तो म्हणाला, "मला हे म्हाईत नव्हतं, ताई." आणि मग, "मी एकदाच बोललो तर ऐकलं त्यांनी."

"हो," मी म्हणाले. "एकदाच."

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं कोण होतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता तिकडं काही अडचण नाही." नाही, तिकडं काही अडचण नाही. मी कुकर उतरवला, भाजी फोडणीला टाकली आणि ती करपवली. जेवताना तो करपल्याबद्दल काही बोलला नाही, त्याचाही मला राग आला.